मास्तरांची तोंडी परीक्षा

नदीकाठच्या बालाजी घाटाच्या वर आमच्या शेजारी एक मास्तर राहत. लढाईच्या दिवसांत विमानदुरुस्तीच्या कामावर जाणाऱ्या पोरांना ते विजेचे पहिले धडे देत. चहाचा पेला असो की दाराची कडी, शॉकच्या धास्तीने जडलेल्या सवयीने ते आधी पालथ्या हाताने चाचपत. स्वतःच विचारत, स्वतःच सांगत. "व्होल्टेज म्हणजे काय? रेटा. करंट म्हणजे काय? धार. रेझिस्टन्स? अडथळा."

माझा धाकटा भाऊ त्यांच्याकडे शिकत होता. पास झाला की त्याला आसामच्या आघाडीकडे पाठवणार होते. एका संध्याकाळी मी मास्तरांना म्हटलं, "याला नापास करा. आईला झोप लागत नाही हो."

त्यांनी भावाला हाक मारून ओट्यावर बसवलं.

"रेटा तोच, अडथळा वाढला. धारेचं काय?"

"घटेगी," भाऊ घाटावरच्या हिंदीत म्हणाला.

मास्तर विचारत राहिले, तो बरोबर सांगत राहिला.

"विमान वर आहे, तारेतून धूर येतोय. आधी काय करशील?"

"बिघाड शोधेन."

"नापास," मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले.

मला हायसं वाटलं. पण ते उठले नाहीत. भावाला म्हणाले, "आधी स्विच बंद. मग शोध. म्हण."

त्याने म्हटलं. त्याचा आवाज ठाम होईपर्यंत ते त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत राहिले.

पुढच्या परीक्षेत तो चुकणार नव्हता.