खेकड्यांची लाल रेघ

माझ्या आईला काकूचा हेवा वाटतो, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. पण सगळ्यांना ठाऊक आहे. काकूलासुद्धा.

दोघी जावा एकाच कारखान्यात. तिथे सर्किट बोर्डांवर तांब्याचा मुलामा चढवतात, आणि बोर्ड धुतलेलं फिकट निळं पाणी मागच्या शेडमध्ये येतं. त्या पाण्यातलं तांबं पकडणं हे आईचं अकरा वर्षांचं काम. माणसाच्या उंचीची काचेची नळी, आत रेझिनचे खसखशीएवढे मळकट पांढरे मणी. पाण्यातलं बाकी सगळं ते जाऊ देतात, तांब्याला तेवढं चिमट्यात धरतात. म्हणून शेडमध्ये त्यांना सगळे ‘खेकडे’च म्हणतात. कॉलेजात मला कळलं, की धातूला असं धरण्याला पुस्तकात ‘किलेशन’ म्हणतात आणि त्या शब्दाचं मूळही खेकड्याच्या नांगीतच आहे. मी धावत येऊन आईला सांगितलं.

“मग? आम्ही काय उगाच म्हणतो?” ती म्हणाली.

मणी खालपर्यंत निळे झाले की आम्ल सोडायचं. नांग्या सुटतात, तांबं गडद निळ्या पाण्यातून टाकीत उतरतं आणि मणी आक्रसतात. मग कास्टिक सोडायचं. मणी पुन्हा फुगतात, पकडायला तयार होतात. मेख इथेच आहे. पुरते फुगले नाहीत तर खेकडे नांग्या मिटून बसतात आणि तांबं त्यांच्या नाकासमोरून निघून जातं. कागदावर लिहिलंय ‘एक तास’. पण कास्टिक कधी कडक येतं, कधी पातळ. म्हणून आईने काचेवर एक लाल रेघ ओढली होती. मणी तिथवर चढले की बस्स. रेघ नेलपॉलिशची होती. बाटली दिली होती तेव्हा नवीनच लग्न होऊन आलेल्या काकूने.

पुढे काकूने डिप्लोमा केला आणि ती कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. पांढरा कोट, खुर्ची, डोक्यावर पंखा. तेव्हापासून काकूच्या भाजीत मीठ कमी पडू लागलं आणि तिने वाळत घातलेले कपडे चुरगळू लागले. म्हणजे आईच्या मते. मग दुप्पट रुंद नवी नळी येणार असं ठरलं. साहेब म्हणाले, “दोघींपैकी एकीकडे देऊ. धाकटीला चार दिवस जुनी नळी चालवू दे. वहिनी, तुम्ही शिकवा.”

आईला ती नळी हवी होती. तिच्यासाठी तिने जुन्या चादरीची पुसणीसुद्धा शिवून ठेवली होती.

सोमवारी आईने काकूला सगळं दाखवलं. झडपा, आम्लाचा वेग, धुणं. रेघेबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि संध्याकाळी, काकू घरी निघाल्यावर, प्रयोगशाळेतलं अ‍ॅसिटोन चिंधीवर घेऊन तिने रेघ पुसून टाकली.

मंगळवारी काकूचं पाणी स्वच्छ आलं. बुधवारी स्वच्छ. गुरुवार, शुक्रवारही. आईचा नुसता जळफळाट.

शनिवारी साहेब बघायला येणार होते आणि नळी आईकडे होती. कास्टिक सुरू केलं, मणी चढू लागले, आणि आई कोऱ्या काचेकडे बघत राहिली. अकरा वर्षं ती मण्यांकडे नाही, रेघेकडेच बघत आली होती. शेवटी अंदाजाने तिने कास्टिक बंद केलं, नळी धुतली, पाणी सोडलं. काकू नमुना घ्यायला आली. परीक्षानळीत अमोनियाचा थेंब टाकला. पाणी निळं झालं.

काकू हळूच म्हणाली, “जाऊबाई, एकशे अठरा.”

“काय एकशे अठरा?”

“सेंटिमीटर. खालच्या जाळीपासून रेघेपर्यंत. सोमवारीच मोजून ठेवलं होतं.”

“आणि रेघ कुठे गेली, ते नाही विचारलंस?”

“अ‍ॅसिटोनच्या बाटलीचं झाकण तिरकं लागलं होतं. घरी बरण्यांची लावता तस्संच.”

आईने झडप फिरवून पाणी परत कच्च्या पाण्याच्या टाकीत वळवलं. पुन्हा कास्टिक, टेपने मोजून एकशे अठरा. दुसरा नमुना स्वच्छ निघाला.

“वहीत लिहिणारेस?”

“दोन्ही लिहिणार. पहिला निळा, दुसरा स्वच्छ.”

साहेबांनी वही वाचली. नवी नळी काकूला मिळाली.

“लबाडी तरी करायची मेलीने,” आई त्या दिवशी माझ्यापाशी म्हणाली, “म्हणजे मला सुखाने नावं ठेवता आली असती!”

काकूने नेलपॉलिशची नवी बाटली आईच्या फळीवर ठेवली. आईने तिला हात लावला नाही. रेघ नको, टेप नको. ती रोज नळीला नाक लावून उभी राहू लागली. मणी कसे सरकत चढतात, वरचा थर कधी रेंगाळतो, कधी पुरता थांबतो. महिनाभरात तिची नजर बसली. इतक्या चिकाटीने तिला शिकताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ती कशाच्या जोरावर शिकत होती हेही मला ठाऊक होतं.

नवी नळी सुरू झाली. ती रुंद, मणीही वेगळ्या मापाने भरलेले. एकशे अठरा तिथे कुचकामी. पहिल्याच दिवशी काकू चहाच्या सुट्टीत टेप हातात घेऊन आईसमोर येऊन उभी राहिली.

“जाऊबाई, कुठवर चढू द्यायचे? जरा येता का?”

“चहा पितेय.”

काकू सांगते, एवढासा कप, पण आईने तो वीस मिनिटं पुरवला. मग कप धुतला, पुसला, पालथा घातला.

“चल,” ती म्हणाली. “आणि तो टेप ठेव इथेच.”