चार रविवार

अमेरिकेतल्या आमच्या पहिल्या घरात जेवणाचं टेबल चार माणसांचं होतं आणि रविवारी त्याच्याभोवती नऊ माणसं जेवायची. हा माझा छंद. किराणा दुकानात, पार्किंग लॉटमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, कुठेही नवा मराठी चेहरा दिसला की मी त्याला रविवारी जेवायला बोलावून मोकळा. स्वयंपाक बायको करायची, त्यामुळे माझं मन फार मोठं होतं. एकदा पाठमोरा अगदी मराठी वाटलेला माणूस तेलुगू निघाला. तोही दोनदा आमटी मागून घेऊन जेवला.

हे सांता क्लारातलं, ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतलं. मी त्रेचाळीस वर्षांचा, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आणि स्वतःच्या मते अतिशय समंजस माणूस. त्या सुमारास आमच्या भागातल्या एका व्हिएतनामी कुटुंबाच्या दुकानाच्या भिंतीवर कोणीतरी घाण घाण शिव्या लिहून ठेवल्या. भिंत पुसायला आम्ही शेजारपाजारचे दहा-बारा जण जमलो. त्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या, कृष्णवर्णीय, उंच, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्या म्हणाल्या, भिंत तर झाली, आता आपण जरा बसून बोलूया. मी मनात त्यांना ‘बाई’च म्हणायचो, कारण त्यांनी बघितलं की मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटायचं.

अशा आमच्या बैठका सुरू झाल्या. दर महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी लायब्ररीचा हॉल, गोल मांडलेल्या घडीच्या खुर्च्या. गोरे, काळे, मेक्सिकन, व्हिएतनामी आणि आमचं कुटुंब. बाईंचे नियम मोजके. छातीवर फक्त पहिलं नाव लावायचं, आडनाव दाराबाहेर. कोणी बोलल्यावर टाळ्या नाहीत, ही काही स्पर्धा नाही. आणि बोलायचं ते दोन भागांत: रंगावरून, वंशावरून तुमच्याशी कोणी वाईट वागलं असेल तो एक प्रसंग आणि तुम्ही कोणाशी वाईट वागलात तो एक.

पहिल्या भागात मी हिरो होतो. फोनवर ‘रिकामा आहे’ म्हणालेला फ्लॅट मी समोर उभा राहताच कसा भाड्यानं गेला आणि रस्त्यापलीकडच्या फोनवरून अमेरिकन आवाज काढून विचारल्यावर तो पुन्हा कसा रिकामा झाला, ही माझी गोष्ट. घडलेली, अगदी खरी. पण पहिल्या महिन्यात तिच्यात स्वच्छ ऊन होतं आणि चौथ्या महिन्यापर्यंत धो धो पाऊस पडायला लागला. सहाव्या महिन्यात माझी बायको त्या पावसात माझ्याशेजारी उपाशी उभी होती. घरी येताना ती म्हणाली, “अहो, तेव्हा मी पुण्यात होते.”

दुसऱ्या भागाची वेळ आली की मी डोळे मिटून प्रामाणिकपणे आठवायचो आणि ‘पास’ म्हणायचो. खरंच काही आठवायचं नाही. बाई चष्म्याच्या वरून बघायच्या आणि पुढच्या माणसाकडे वळायच्या.

दहाव्या बैठकीला एक नवं जोडपं आलं. तो पंचविशीतला, नव्यानं नोकरीला लागलेला. ती साडीवर त्याचा मोठा कोट घातलेली. कॉफीच्या टेबलापाशी दोघं मराठीत बोलत होते. मी शंकरपाळ्यांचा डबा तसाच टाकून धावलो. ती म्हणाली, “नमस्कार काका,” आणि मी पोट आत घेतलं. मग जे इथे चालत नव्हतं तेच विचारलं. आडनाव काय? त्यानं सांगितलं. त्यावरून मला नेमका उलगडा होईना. गाव कुठलं? नागपूरजवळचं. गावात कुठे? म्हणजे कोणाच्या शेजारी?

असा प्रश्न त्याला काही पहिल्यांदा आला नसावा. मग शांतपणे म्हणाला, “आम्ही बौद्ध आहोत, काका. तुम्हाला तेच विचारायचं होतं ना?”

मी म्हणालो, “अच्छा. छान, छान.” दोनदा छान. आणि कॉफी संपली का ते बघायला गेलो. कॉफी भरपूर होती.

गाडीत बायकोनं विचारलं, रविवारचं बोलावलंत ना? मी म्हटलं, विसरलो. मागून आमची दहा वर्षांची मुलगी म्हणाली, “बाबा, यू नेव्हर फरगेट.” बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी आरशात पाहिलं. ती पुढे काही बोलली नाही आणि घर येईपर्यंत आम्ही दोघंही त्या न बोलण्यात सामील होतो. त्यांचा फोन नंबर माझ्या खिशात होता. नव्या माणसाचा नंबर घेणं हे काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. तो नंबर महिनाभर शर्टाच्या एका खिशातून दुसऱ्यात जात राहिला.

वाटलं होतं, पुढच्या बैठकीला ती दोघं येणार नाहीत. (मनात कुठेतरी बरंही वाटलं होतं, तेही लिहून टाकतो.) पण आली. या वेळी कोट तिच्या मापाचा होता.

बाईंनी विचारलं, आज नव्यांपैकी कोणी बोलेल का? तिनं हात वर केला. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, इंग्रजी कळतं मला, पण हे माझ्या भाषेत सांगायचंय. नवरा भाषांतराला उठायला लागला. तिनं त्याला बसवलं आणि मराठीत म्हणाली, “काका करतील. ते इथले जुने आहेत.”

मी उठलो. खरं सांगतो, थोडा खूशही झालो.

ती सावकाश बोलत होती, एकेका वाक्याला थांबत होती आणि मी भाषांतर करत होतो. इथे आल्यावर किराणा दुकानवाल्यानं सांगितलं, या गावात एक काका आहेत, मराठी माणूस दिसला की जेवायला बोलावतात, तुम्हाला सोडणार नाहीत. इथपर्यंत मी छान रंगवून सांगितलं. पुढचं ती न थांबता बोलत गेली. मग ते काका भेटले. त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात घर कुठे ते विचारलं. आमच्या देशात माणसाची जात अशी काढतात, रंग बघावा लागत नाही. आमची जात गावानं सगळ्यांत खाली ठेवलेली. विमानात बसताना वाटलं होतं, हे आता मागे राहिलं. तरी म्हटलं, बोलावतील. रविवारी सकाळी मी साडीला इस्त्री करून ठेवायची. आईला फोन करायचा असला तरी लाइन अडवायची नाही. असे चार रविवार.

मी इंग्रजीत सांगितलं, की एका भारतीय गृहस्थानं यांना आडनाव आणि गाव विचारलं, त्यावरून जात ओळखली आणि नंतर त्यांना घरी बोलावलं नाही. वाक्य अगदी निर्दोष होतं.

तिनं ऐकून घेतलं. मग हळूच, जणू मी मीठ घालायला विसरलोय अशा आवाजात म्हणाली, “काका, कोण ते राहिलं.”

मराठी कळणारी त्या खोलीत पाचच माणसं होती, त्यांतली तीन माझ्या घरची. मला सहज म्हणता आलं असतं, की ती फक्त आभार मानते आहे. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला मराठी बोलायचा कंटाळा, पण समजत सगळं होतं. नवऱ्यानं नजर खाली घातली होती. त्याला खात्री असावी, की मी सांगणार नाही. बायकोनं मान डोलावली, एवढीशी.

मी म्हणालो, “तो माणूस मी.”

इंग्रजीत हे तीन शब्दांत होतं. मला वाटतं, त्याला दहा मिनिटं लागली.

ती खाली बसली नाही. दुसरा भाग राहिला होता. बाईंकडे बघून तिनं सांगितलं, की पहिल्याच आठवड्यात कपडे धुवायच्या खोलीत एक कृष्णवर्णीय गृहस्थ तिला हॅलो म्हणाले आणि ती ओले कपडे तिथेच टाकून जिना चढून पळाली. तासाभरानं दार उघडलं तर कपडे घडी करून बाहेर ठेवलेले. तिनं अजून त्यांना थँक्यू म्हटलं नव्हतं. “मलाही कोणी शिकवलं नव्हतं,” ती म्हणाली, “पण भीती आधीच तयार होती.” हेही मी इंग्रजीत सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

मग मी बसण्याआधीच बाईंनी मला विचारलं, दुसरा भाग? या वेळी मी पास म्हणालो नाही. कॉफीचं टेबल, दोनदा छान, खिशातला नंबर, सगळं सांगितलं. त्यात पाऊस घातला नाही. बायकोनं मध्येच हात वर करून सांगितलं, की गाडीत तिनं ‘का’ विचारलं नाही, तेही यात धरा.

बाई चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या, “अकरा महिने वाट बघत होते मी तुमची.” आणि त्यांनी टाळी वाजवली. स्वतःचाच नियम मोडला. मग दुकानवाल्या व्हिएतनामी आजोबांनी, मग सगळ्यांनीच. टाळ्या तिच्यासाठी होत्या, हे मला लगेच कळलं. तरी थोड्याशा मी घेतल्या.

त्या दिवशी कोणी पास म्हणालं नाही. लायब्ररी बंद करणाऱ्या माणसाला किल्ल्या वाजवत उभं राहावं लागलं आणि शेवटी तोही एका खुर्चीत बसून बोलला. पुढच्या महिन्यात खुर्च्या पुरेनात. आम्हाला वरचा मोठा हॉल घ्यावा लागला.

पार्किंग लॉटमध्ये मी तिला गाठलं आणि म्हटलं, उद्या आमच्याकडे जेवायला या, दोघंही, प्लीज. ती म्हणाली, “नाही काका. तुमच्याकडे नंतर. आधी तुम्ही आमच्याकडे.”

रविवारी मी स्वतः शर्टाला इस्त्री केली. बायकोनं हे बघून घेतलं. त्यांच्या इमारतीच्या जिन्यातच पाटवडीच्या रश्श्याचा वास येत होता. खालच्या मजल्यावर एक कृष्णवर्णीय गृहस्थ हातात वाटी घेऊन दारात उभे होते. आम्हाला बघून म्हणाले, वरच्या घरी चाललात ना, तिखट आहे हं, सांभाळून.

मी बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून तिचा एकच डोळा दिसत होता.

“आडनाव काय तुमचं?”

मी सांगितलं.

“गाव कुठलं? गावात कुठे? कोणाच्या शेजारी?”

मी सगळं सांगितलं, अगदी आमच्या आळीतल्या विहिरीसकट. आतून तिच्या नवऱ्याचं हसू फुटलेलं ऐकू आलं. मागून आमची मुलगी चक्क मराठीत म्हणाली, “ताई, घे ना आम्हाला आत, भूक लागलीय.”

फटीतला डोळा आमच्या तिघांवरून एकदा फिरला.

“चालेल,” म्हणाली, आणि साखळी काढली.