डिस्क घ्यायला बोरी अरबला गेले आणि...

गेल्या रविवारी बोरी अरबला गेले होते... एका व्हिडिओ गेमची डिस्क विकत घ्यायला. हो, पस्तिशीतली बाई, नेरमध्ये स्वतःचं मेडिकल, आणि फावल्या वेळात गेम! ज्यांना माहीत नव्हतं त्यांना आता कळलं.

एरवी मी सगळे गेम डाउनलोडच करते. डिस्कच्या डब्या ठेवायला जागा नको, ओरखड्यांची भीती नको. पण कार रेसिंगचा एक गेम कितीतरी दिवस उतरतोय तो उतरतोयच... कधी नेट जातं, कधी लाईट. नवरा येता-जाता विचारायचा, "कुठवर आली तुझी गाडी?"

शेवटी जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत तोच गेम डिस्कवर दिसला. विकणारा मुलगा पुण्यात नोकरीला, पण डिस्क बोरी अरबला आईकडे. फोनवर त्याच्याशी ठरलं आणि मी स्कूटी काढली.

दार काकूंनी उघडलं. साठीच्या आसपासच्या, पदराला हात पुसत आलेल्या. माझ्या मागे आणखी कोणी आहे का, ते त्यांनी डोकावून पाहिलं.

"तूच खेळते काय वं हे? मले वाटलं एखादा पोट्टा येईन."

चहा झाल्यावर मी म्हटलं, डिस्क एकदा चालवून बघू या. मला वाटलं, सगळं मलाच लावावं लागेल... तर काकूंनीच टीव्ही लावला, मुलाच्या जुन्या गेमच्या मशीनमध्ये डिस्क सरकवली, पलंगावर मांडी घातली आणि कंट्रोलर हातात घेतला.

मी बघतच राहिले. बर्फाच्या घाटातून लाल गाडी नुसती सुसाट! वळण आलं की गाडीबरोबर काकूही पलंगावर कलायच्या. पहिला नंबर आला तेव्हा त्यांनी सवयीने फक्त मान हलवली.

"पोरानं सांगतलं, आई, डिस्का इकून टाक, मी आता सारं डाउनलोडच करतो. मी म्हटलं, इकाच्या आंधी पाहून तं घेऊ काय हाय त्याच्यात..." त्या हसल्या. "तवापासून रोज दुपारी खेळून राह्यली. खरी गाडी तं कधी कोणं चालवू देल्ली नाई मले."

मग त्यांनी डिस्क काढली, कडेला धरून, अगदी जपून डबीत ठेवली. डबी माझ्यापुढे केली खरी, पण हातातून काही सुटेना.

"ने बाई. पोरानं शब्द देल्ला तुले."

मी डबी त्यांच्याच मांडीवर ठेवली. म्हटलं, "काकू, मला नको."

"काहून? खराब हाय का?"

"छान चालते. म्हणूनच नको."

त्यांनी तडक मुलाला फोन लावला, तोही स्पीकरवर. "मी नाई इकत हे. तुले खेळाचं असन तं तू कर डाउनलोड!"

पलीकडून तो म्हणाला, "आई... तू खेळून राह्यली? मले सांगतलं काहून नाई?" आणि दोघं असे काही हसत सुटले की मीही त्यात सामील झाले.

निघताना काकूंनी तुरीच्या शेंगांबरोबर फुटबॉलच्या गेमची डिस्क माझ्या पिशवीत घातली. "हे मले जमत नाई. तू खेळ, झालं का आणून दे." मी पैसे काढले तर रागावल्या.

घरी आल्यावर वाटलं, बदल्यात आपणही त्यांना एखादा गेम द्यावा. माझ्याकडे तर ढीगभर आहेत! पण सगळे माझ्या खात्यात, माझ्या पासवर्डमागे... काकूंच्या हातात ठेवता येईल असा एकही नाही. हे इतक्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं.

डाउनलोड सोयीचं आहेच, ते काही मी सोडणार नाही. पण मी मागवलेली आयुष्यातली पहिली सीलबंद डिस्क काल घरी आली. रेसिंगचीच, नवीन. खेळायचा मोह खूप होतोय... पण तिच्यावरचं प्लास्टिक काकूच फोडतील.