दुसरा टाक गो!

पेणला बावीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. लोक सांगतात, मास्तर, किस्से लिहून ठेवा. अरे, लिहू कशाने? एक हात शिकणाऱ्याच्या स्टिअरिंगवर, दुसरा स्वतःच्या छातीवर! पायांचं तर विचारूच नका. माझ्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक आहे, ते दाबून दाबून गुडघे गेले. किस्से काय, रोज दोन नवे होतात आणि चार जुने विसरायला होतात. गेल्या पावसाळ्यातल्या बॅचचे मात्र अजून डोक्यातून जात नाहीत.

*

त्यातला पहिला सुभाष. नागोठण्याच्या बाजूला कंपनीत, शिफ्ट संपवून यायचा. काही सांगायला जावं तर ह्याला आधीच माहीत! "मास्तर, मशिनरी आपल्या रक्तात हाय."

बारा दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नाही. पडेल कशी? त्याने क्लच झटक्यात सोडला की मी माझा दाबायचो. मग पठ्ठ्याने नवीकोरी गाडी घेतली आणि घराच्या फाटकातच ती सात वेळा बंद पडली. लगेच मला फोन.

"मास्तर, फसवलं हो मला!"

म्हटलं, कळलं वाटतं ह्याला.

"तुमची एवढी जुनी गाडी मख्खन चालते, आणि मला डिफेक्टिव्ह पीस दिला!"

दुसऱ्या दिवसापासून मी सीटवर चक्क मांडी घालून बसलो.

*

त्याच बॅचला सुमनकाकी. वय पंचावन्न, घरचा गणपतीचा कारखाना. त्यांचे मालक, नाना, तीस वर्षं स्वतःच्या व्हॅनमधून मूर्ती पोचवायचे. आता त्यांची नजर गेली, ऑपरेशन करूनही उपयोग झाला नाही. नानांनी व्हॅनला गिऱ्हाईक बघितलं. काकी भडकल्या.

"रोह्याची माणसं आपल्या गाडीची वाट बघत असतात. गाडी विकायची नाय. मी शिकते!"

नाना हसले. म्हणाले, "एक मूर्ती न तडकता रोह्याला ने, मग नाय विकत."

झालं! पैज नवरा-बायकोची, आणि मधे अडकलो मी.

पहिल्या दिवशी काकींनी चपला काढून रस्त्याच्या कडेला नीट लावल्या आणि मग आत बसल्या. का, तर डॅशबोर्डवर बाप्पा! माझ्या लक्षात आलं तोवर चौक ओलांडला होता. रिव्हर्स अजून शिकवला नव्हता. मग गाडी कडेला लावून आम्ही दोघं चालत गेलो चपला आणायला.

*

पुढचा वांधा असा, की काकी पहिल्या गियरच्या वर जाईनात. धरमतरच्या रस्त्यावर मागे ट्रकांची ही रांग! हॉर्नवर हॉर्न. एक सायकलवाला आम्हाला ओव्हरटेक करून गेला, तोही मागे वळून बघत.

"काकी, वाढवा की जरा!"

"मूर्ती हलेल ना, मास्तर!"

"कुठली मूर्ती? मागची सीट रिकामी हाय!"

काकींनी आरशात बघितलं. "हाय खरी," म्हणाल्या, आणि गाडी होती तशीच चालू ठेवली.

*

मग एक दिवस नाना मागे येऊन बसले. दिसत काही नाही, पण कान कसले! इंजिन जरा ओरडलं की मागून हुकूम, "दुसरा टाक गो!" काकी टाकायच्या. "तिसरा!" तोही पडायचा. गाडी अशी पळाली की मी पहिल्यांदा खिडकीबाहेर निवांत बघितलं.

दुसऱ्या दिवशी नाना आले नाहीत. काकी परत पहिल्यात!

"काकी, इंजिन ओरडतंय."

"ओरडू दे. हे कुठे काय बोलले?"

म्हटलं, मेलो! टेस्टला नवऱ्याला मागे बसवून नेता येत नाही हो.

*

टेस्टच्या दिवशी नाना कुंपणाला धरून बाहेर उभे. आत काकी, शेजारी आरटीओचे साहेब. गाडी सुटली, इंजिन ओरडायला लागलं, आणि इकडे नानांचं तोंड उघडलं. मी झटकन त्यावर हात ठेवला.

"नाना, ओरडलात तर काकी नापास!"

ते माझ्या हाताखाली नुसते फुरफुरतायत. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. काकींनी दुसरा टाकला होता! मग तिसराही टाकला.

साहेब उतरून माझ्याकडे आले. "पास आहेत बाई. पण मला एक सांगा, दर गियरला 'टाकते हो, टाकते' असं त्या कोणाला सांगत होत्या?"

*

लायसन्स आलं, पण पैज रोह्याची होती. गणपतीच्या दोन दिवस आधी नानांच्या व्हॅनमधून निघालो. काकी स्टिअरिंगवर, नाना शेजारी, मागे गोधड्यांमध्ये शाडूची मूर्ती आणि तिला धरून मी. माझ्यापुढे ना क्लच, ना ब्रेक!

नागोठण्याच्या पुढे खिंडीतल्या चढावर समोरचा टेम्पो थांबला. आम्हीही थांबलो. मागे अगदी चिकटून एसटी. मी देवाला धरलंच होतं, ते आणखी घट्ट धरलं. काकींनी हँडब्रेक लावला, क्लच अर्धा सोडला, गाडी थरथरली तसा हँडब्रेक काढला, आणि गाडी अलगद वर सरकली. एक इंचसुद्धा मागे नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? नाना मात्र गप्प. रोह्यापर्यंत एक शब्द नाही. म्हटलं, हरले म्हणून रुसले की काय.

रोह्यात घरासमोर गाडी लागली. माणसांनी मूर्ती उतरवली, सगळीकडून निरखली. कुठेही तडा नाही. मी पुढे येऊन बघतो तर नानांची मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, आणि ढाराढूर घोरतायत!

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. काकींनी काढून घेतला. पलीकडे व्हॅनचं गिऱ्हाईक.

"नाना आहेत का? गाडी बघायला येत होतो."

"हळू बोला, झोपलेत. आम्ही रोह्याला आलोय, गाडीतच झोपलेत ते."

"झोपलेत? अहो, मग गाडी कोण चालवत होतं?"

काकींनी एकदा घोरणाऱ्या नानांकडे बघितलं.

"मी!" म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.