मासोळीची हाक

डावा हात कानावर ठेवल्याशिवाय तिला मासे विकता येत नसत. पवनीच्या बाजारात टोपली टेकवली की हात कानावर, मान वर, आणि मग सुरात हाक, "घ्या वो बाई मासोळी, तळ्याची हाय, बर्फाची नाई!" त्यातला शेवटचा 'नाई' ती एवढा लांबवायची की शेजारच्या भाजीवालीचा तराजू हवेतच राहायचा.

घरची तेव्हा फार ओढाताण होती. बापाचं जाळं तळ्यातून हलकंच वर यायचं. दहावीनंतर तिची शाळा सुटली आणि आईसारखी टोपली तिच्याही डोक्यावर आली.

तिच्या जागेसमोरच माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. पाटीवर तसं लिहिलंय, आणि का लिहू नये? टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेला तिचा व्हिडिओ मीच पाठवला. ती निवडली गेली, मुंबईला जाऊन काही भागांच्या चित्रीकरणात गाऊनही आली.

अशा कार्यक्रमांत कोण जिंकलं, कोण रडलं, हे तुम्ही-आम्ही पाहतो. जे दिसतच नाहीत त्यांचं काय होतं, ते मी हिच्यामुळे पाहिलं. पहिला भाग लागायच्या आधीच दोन वाहिन्या कोर्टात गेल्या. कार्यक्रमाची कल्पना आमची, असं दोघीही म्हणत होत्या. प्रसारण थांबलं. सगळ्या पोरापोरींना घरी पाठवलं आणि बजावलं, निकाल लागेपर्यंत कुठेही गायचं नाही, करार आहे.

ती परतली, टोपली टेकवली, आणि गप्प बसली. हाकसुद्धा नाही. गिऱ्हाईक आलं की बोटानं मासे दाखवायची.

"टीव्हीत काय गेली, जीभ तिथंच ठेवून आली का वो?" शेजारची भाजीवाली म्हणाली.

ती नुसती हसली. बाजूला बसलेली आई घोगऱ्या आवाजात ओरडायची, पण त्या आवाजाला कोण वळणार?

शेवटी मीच गेलो. "अवं, मासे विकणं म्हणजे कार्यक्रम नव्हे. करार मी वाचलाय."

"सुरात तं गाते ना मी, भाऊ. आन् सही केली ना."

"पवनीच्या बाजारात वकील कायले येईल?"

"मासोळी घ्यायले!" ती म्हणाली. मग हसू आवरून हळूच बोलली, "दोन मोठ्यायचं भांडण हाय, भाऊ. मंधात माझा गळा सापडला."

"सही केली ना" हे तिचं पालुपदच झालं. चुलत बहिणीच्या हळदीला बाया गात होत्या आणि ही नुसते ओठ हलवत होती. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्याच पूर्व विदर्भातल्या, एका नाटक कंपनीचा मालक तिला गायिका म्हणून न्यायला आला. लहानपणापासून ती त्या कंपन्यांच्या मांडवांत पुढे बसून नाटकं पाहत आलेली. त्यालाही तेच उत्तर. नाटकांचा तो हिवाळी हंगाम गेला. घरात ती भांडी घासतानाही गुणगुणत नाही, असं तिची आई मला सांगून गेली, आणि माझ्या दुकानात डोळे पुसून गेली.

पुढच्या पावसाळ्यात वाहिन्यांची तडजोड झाली. कार्यक्रम कायमचा बंद, चित्रित झालेलं कधीच दाखवणार नाहीत, स्पर्धक करारातून मोकळे. निरोप माझ्याच ईमेलवर आला. ही आता रडणार, असं धरूनच मी सांगायला गेलो.

तिनं सगळं ऐकलं. विचारलं एवढंच, "म्हंजे आता गाऊ का, भाऊ?"

"गा की!"

तिनं हात पदराला पुसले. डावा हात कानावर गेला. पहिली हाक फाटली. खाकरून तिनं दुसरी दिली, आणि भाजीवालीनं तराजू खाली ठेवला. "आली वो, जीभ आली मुंबईहून!" असं ओरडून तिनं त्या दिवशी आधी मासोळीच घेतली.

नाटक कंपनीचा मालक दिवाळीआधी पुन्हा आला. या खेपेला तिला सही कुठं करायची ते मी दाखवलं, पण त्याआधी सगळा कागद तिनं स्वतः मोठ्यानं वाचला.

आता हिवाळा लागला की तिच्या जागेवर आई एकटी असते. मागच्या भिंतीवर नाटकाचं पोस्टर असतं, त्यात हिचा फोटो, डावा हात कानावर. टीव्हीवर ती कधीच दिसली नाही. ती झाडीपट्टीच्या नाटकात गायिका झाली.