स्वच्छ कोपरा

मला गटातून काढायचं की ठेवायचं, यावर सतरा जण मत देत होते आणि मी तिथंच उभी होते. उभी म्हणजे गेममध्ये, एका दगडी गल्लीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून. खरी मी घरात खुर्चीवर, कानाला हेडफोन लावून. एकेक जण आपलं मत बोलून सांगत होता. सातवा म्हणाला, "काढा. सरळ सरळ चीटिंग आहे." शेजारी बसलेली माझी नात नखं खायला लागली. ती सवय तिने दहावीनंतर सोडली होती.

काढलं असतं तर ती गेली असती. मला काय, मी पाहुणी. खातं तिचं, दोन वर्षांची मेहनत तिची. हा गट लढाया करत नाही. त्या जगात पायी हिंडायचं आणि कुणाचं लक्ष जात नाही ते शोधायचं. छपराखालचं घरटं, दुकानाच्या फळीवरची घासून गुळगुळीत झालेली जागा, तळ्यात बुडालेली पायरी. सापडलं की सगळ्यांना दाखवायचं आणि गटाच्या वहीत नोंदवायचं. नियम एकच. शोध हिंडून लागला पाहिजे. गेमच्या फायली उघडून आतलं बघितलं, तर कायमचं बाहेर.

आणि मी सांगून बसले होते की या बंद गल्लीच्या भिंतीमागे मोकळी जागा आहे. ती भिंत सगळ्यांनी कधी ना कधी ठोकून बघितली होती. त्यांना न दिसलेलं म्हातारीला दिसलं म्हणजे फायलीच उघडल्या असणार, असा त्यांचा हिशेब.

मी या भानगडीत पडले ती नातीच्या जेवणामुळे. तिचं कॉलेज कर्वेनगरला. दुपारी भुकेली यायची आणि ताट घेऊन थेट गेमसमोर बसायची. तिथं बराच वेळ नुसतं उभं राहिलं तर आपल्याला बाहेर काढतात. म्हणून तिने एक दिवस ते हातात धरायचं यंत्र माझ्याकडे दिलं. म्हणाली, आजी, काही करू नकोस, फक्त चालत राहा. चालणं मला येतं. तिचं जेवण होईपर्यंत मी एक अख्खा रस्ता संपवला.

ती मला हसायची, कारण मी तिथंही रस्त्याच्या कडेने चालायचे, गटाराला धरून. तिथं गाड्या नाहीत, मधून चाल की, म्हणायची. मी एकतीस वर्षं महापालिकेत झाडणकाम केलं. सकाळी सहाला कोठीवर हजेरी, मग खराटा घेऊन आपल्या बीटवर. बीट म्हणजे झाडायला वाटून दिलेला रस्ता. माझा स्वारगेटचा. तिथं जो मधून चालला तो दुसऱ्या दिवशी हजेरीला येत नाही.

कडेने चालल्यामुळे मला कचरा दिसायचा. हा गेम बनवणाऱ्यांनी काम चोख केलेलं आहे. पाला वाऱ्याने खरोखर सरकतो. बाजाराच्या उतारावर भुसा खाली जातो, पायरीला अडतो. मला आवडलं. कुणीतरी डोळे उघडे ठेवून रस्ता बघितलेला होता.

मग ही गल्ली लागली. पुढे भिंत, वाट बंद. वारा आत शिरतो, भिंतीवर आपटून वळतो आणि वळताना हातातलं सगळं कोपऱ्यात टाकतो. बंद गल्लीचा कोपरा स्वच्छ नसतोच. हा होता. एक पान नाही. असं दोनच कारणांनी होतं. एक तर कुणीतरी झाडलंय, नाहीतर वाऱ्याला पुढे वाट आहे. त्या जगात राजा आहे, लोहार आहे, जागोजागी शिपाई आहेत. झाडणारं माणूस एक नाही. म्हणजे वाट होती.

हे मी गटाला सांगितलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, "आजी, कचरा बघून दार कळतं होय?"

"तुला नाही कळणार. तू मधून पळतोस."

तोंड आवरलं असतं तर कदाचित मतदानापर्यंत गेलं नसतं. नातीचंही तेच म्हणणं. पण मी खोटं बोलले नव्हते, आणि खरं बोलल्याबद्दल पडतं घ्यायची मला सवय नाही.

गटाचा प्रमुख कुठल्याशा शाळेत मास्तर आहे. सगळ्यांना अहो-जाहो करतो. दहावं मत झालं तेव्हा सहा जण काढा म्हणत होते, चार ठेवा म्हणत होते. त्याने विचारलं, "आजी, आपल्याला काही सांगायचंय?"

"मतं राहू द्या. मी कधी न गेलेलं एक गाव द्या. वेशीवर उभी राहून कचरा कुठं असेल ते सांगते."

त्यांनी डोंगरातलं एक गाव दिलं. नातीने नकाशा सगळ्यांना दाखवला. न गेलेला भाग त्यात काळा राहतो, आणि तो काळा होता. वेशीवर मी आधी घरांवरची निशाणं बघितली, वारा कुठून आहे ते. मग उतार. तीन जागा सांगितल्या. देवळामागची मोरी, तिसऱ्या घराच्या जिन्याखाली, आणि चौकातला डावा कोपरा. सगळे धावले.

मोरीपाशी पाला होता. जिन्याखाली होता, घोटाभर. चौकात नव्हता.

"हे चुकलं," तोच पोरगा म्हणाला.

"कोपऱ्यात काय आहे?"

"बैलगाडी उभी आहे."

"मग गाडीच्या चाकाला बघ." होता तिथं. माझ्या बीटवरही रोज कुणीतरी नवी गाडी लावून जायचं आणि माझा कचरा जागा बदलायचा. वेशीवरून गाडी दिसत नव्हती, ते मी मान्य केलं. तिसरी जागा चुकली ती चुकलीच.

पुन्हा त्या भिंतीपाशी आलो. मी म्हटलं, भिंत ठोकू नका, तळाशी बघा. खाली वेल पसरली होती. वारा आला, चार पानं सरपटत आली आणि वेलीखाली शिरली. परत आली नाहीत. मास्तर तिथंच पालथे झाले आणि सरपटत आत गेले. नातीने माझा दंड धरला होता, चांगला दुखेपर्यंत.

मग ऐकू आलं, "आजी, आपण या. पाय टेकायला जागा नाही."

आत एक अंगण होतं. दगडी डोणी, तिच्यात पाणी, आणि अंगणभर पाला, पलीकडच्या भिंतीला तर गुडघाभर. खजिना नाही, तलवार नाही. एक जण कुरकुरला की एवढंच?

"एवढंच," मी म्हटलं. "हा सगळा पाला तुमच्या समोरून आत गेला."

राहिलेली मतं कुणी घेतली नाहीत. आधी काढा म्हणालेल्या सहा जणांतले चार सॉरी म्हणाले, दोघे म्हणाले नाहीत. चालायचंच. इकडेही माझ्या कामाला कुणी शाबासकी दिली नाही. मुकादम माझ्या बीटवर तपासायला येत नसे, आणि दुसऱ्या कुणाचं बीट तो तपासल्याशिवाय सोडत नसे. मला तेवढं पुरायचं.

वहीत शोधणाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली. खात्याचं नाव नातीचं आहे. ती म्हणाली, माझं नको, मी तर जेवत होते. मास्तरांनी विचारलं, मग काय लिहू? मी सांगितलं आणि त्यांनी एक अक्षर न बदलता लिहून घेतलं. स्वारगेटच्या बीटवर एकतीस वर्षं रस्ता झाडलेली बाई, शिक्षण चौथी पास.

ती मी.