धवल्याची टेप
“अरे, आवाज वाढव! मयताला आलाव काय आपन?” हळदीच्या मांडवात काका माझ्यावर ओरडला. पदवीनंतर दोन वर्षं ध्वनिमुद्रण शिकलेला मी, रेडिओच्या नोकरीसाठी नमुना म्हणून धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणाऱ्या आजीचा आवाज टेप करत होतो. मुंगी शिंकली तरी ऐकू येईल असा माईक लावलेला. काकाने येऊन कर्ण्याचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि अशी शिटी वाजली, की आमच्या माजिवड्याची कुत्री खाडी पोहून कळव्याला गेली. टेपवर शिटीच उरली. नमुना दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता. ओल्या हळदीचा वास आला, की अजून माझे कान दुखतात. “आजी, उद्या सकाळी पुन्हा गाशील?” मी हात जोडले. तिने पान तोंडात सारलं. “हलद लागली पोराला. हलदीचा धवला आता परत नाय गायाचा.”